झाड एक की पाच

"ओरडू नकोस," आई म्हणाली. "आधी चहा घे. मग काय ओरडायचं ते ओरड."

धाकटी ओरडणार नव्हतीच. तिला ओरडता येत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचा फायदाही सगळ्यांनी आपापल्या परीने घेतला होता. ती नुसती फाटकात उभी राहून झाडाकडे बघत होती. मागच्या रविवारी ती शहरात ग्रंथालयातल्या नोकरीवर परत गेली तेव्हा झाड चांगलं छत्रीसारखं पसरलेलं होतं. आज ते डॉक्टरपुढे सदरा काढून बसलेल्या माणसासारखं दिसत होतं. चार फांद्या खोडालगत कापलेल्या. त्यांच्या जागी चार ताजे, पांढरे काप, बाटलीच्या झाकणाएवढे. उरली होती एकच फांदी, वेडीवाकडी, काटेरी, कुणाच्याही नजरेत न भरणारी. ती धाकटीची.

"कुणी केलं हे?"

"कुणी नाही केलं ते विचार. उत्तर लवकर संपेल," आई म्हणाली आणि कप तिच्या हातात दिला.

झाडाखाली, म्हणजे एरवी जिथे सावली असायची तिथे, पत्र्याचे चार डबे ओळीने मांडले होते. प्रत्येक डब्यात माती आणि मातीत एक फांदी ताठ उभी. दादा आपल्या मोसंबीला औषधाच्या मापाने पाणी घालत होता. त्याचं औषधाचं दुकान, त्यामुळे कुठलीच गोष्ट त्याला मापाशिवाय ओतता येत नसे. ताई आपल्या संत्र्याची पानं ओल्या रुमालाने पुसत होती. काका पपनसाच्या डब्याला टेकून बसले होते आणि शेजारच्या लिंबाच्या डब्यावर त्यांनी एक पाय ठेवला होता. मालकी सांगायला नव्हे, पण कुणी तसं समजलं तर त्यांची हरकत नव्हती. आणि दाजी, ताईचे यजमान, पेशाने वकील, हात मागे बांधून डब्यांपुढे येरझाऱ्या घालत होते. जणू डब्यांची उलटतपासणी चालली होती.

"ये, धाकटे," दाजी म्हणाले. "शांतपणे ऐकून घे. कायद्याच्या भाषेत बोलायचं तर आजपासून झाडं पाच आहेत."

धाकटीने चहाचा घोट घेतला. साखर विसरली होती आई. बाबा गेल्यापासून आई साखर विसरायची आणि कुणी तिला सांगायचं नाही.

बाबांच्या रोपवाटिकेतून मोठा रस्ता जाणार ही बातमी आली तेव्हा बाबांनी फार मनाला लावून घेतलं नव्हतं. रस्ते होतात, माणसं जातात, असं म्हणून ते कलमं बांधत बसले. मनाला लागली ती नोटीस. तिच्यात जमिनीच्या वर्णनापुढे एकच शब्द होता: पडीक. ज्या जमिनीतून त्यांनी जन्मभर गावोगावच्या बागांना रोपं पुरवली, तिला सरकारदरबारी कुणीतरी न बघताच पडीक लिहून टाकलं होतं. बागायती जमिनीचा मोबदला आणि पडीक जमिनीचा मोबदला यांत जमीन-अस्मानाचं अंतर. घरातले सगळे त्या अंतराकडे बघत होते, बाबा त्या शब्दाकडे. "पैशाचं मागाहून बघू," ते म्हणायचे. "आधी तो शब्द खोडा."

त्यांनी हरकत घेतली. मग तारखा पडू लागल्या. साहेब पाहणीला येणार म्हणून प्रत्येक तारखेला बाबा इस्त्रीचा सदरा घालून झाडाखाली स्टुलावर बसायचे. साहेब यायचे नाहीत. संध्याकाळी बाबा सदरा काढून खुंटीला लावायचे आणि म्हणायचे, "मळला नाही अजून. पुढच्या तारखेला चालेल." नोटिशीनंतर नवी रोपं लावायला बंदी होती, जुनी हळूहळू विकली गेली, वाफे ओस पडले, आणि शेवटी सगळ्या जागेत हे एक झाड आणि एक स्टूल राहिलं. मग स्टुलावरचा माणूसही गेला. सदरा अजून मळलेला नव्हता.

झाडाचं एक वेगळंच होतं. दादा झाला तेव्हा बाबांनी एका रानटी खुंटावर मोसंबीचं कलम बांधलं. ताई झाली, त्याच खोडावर संत्र्याचं. काकांशी मोठं भांडण झालं आणि मिटलं, तेव्हा समेट म्हणून पपनसाचं. आईला विचारलं, तुझं कसलं बांधू? आई म्हणाली, "लिंबू. रोज लागतं." धाकटी सगळ्यांत शेवटी आली आणि तिच्यासाठी बाबांनी काहीच बांधलं नाही. कलमवाला माणूस रानटी खुंटाला स्वतःचा फुटवा आला की नखाने खुडून टाकतो, कारण तो वाढू दिला तर वरच्या गोड फांद्यांच्या तोंडचा घास काढून घेतो. बाबांनी असा एक फुटवा राखला. त्याला फळं यायची ती जाड सालीची, बियांनी भरलेली, तोंडात धरवणार नाहीत इतकी आंबट. दादा-ताईंनी लहानपणी त्यावरून तिला फार चिडवलं. बाबा म्हणायचे, "बाकीचे सगळे पाहुणे. ही एकटी घरची."

शेवटी बाबांच्या पश्चात साहेब आले. मोठे नव्हे, मोजणीसाहेब. सडसडीत माणूस, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, कारण त्यांना सापाची भीती वाटत असे. सबंध कुटुंब हजर होतं.

"झाड कसलं?" त्यांनी विचारलं.

चार जणांनी चार उत्तरं एकदम दिली.

"एका झाडाला एकच रकाना आहे," मोजणीसाहेब म्हणाले. दराच्या तक्त्यात लिंबू होतं, संत्रं होतं, मोसंबी होती. पपनस नव्हतं.

"पपनस नाही?" काका उसळले. "तक्ता केला कुणी, सरबतवाल्याने?"

दाजी पुढे सरसावले. "खोड एक असलं तरी उत्पन्न चार प्रकारचं. सबब झाडं चार. वर ही काटेरी धरली तर पाच."

"खोड एक ना? मग झाड एक. खोड कसलं आहे ते सांगा."

सगळे एकमेकांकडे बघू लागले, आणि धाकटीने खरं ते सांगून टाकलं: "खोड रानटी आहे."

"मग झाड रानटी," मोजणीसाहेब म्हणाले.

घरच्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने जणू राहतं घर विकलं. मोजणीसाहेब मनाने वाईट नव्हते. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मी आज काहीच लिहीत नाही. पुढच्या वेळी मोठे साहेब स्वतः येतील. तोवर तुम्ही घरात एकमत करून ठेवा."

इथेच घात झाला. त्या घराला त्यांनी दुसरं काहीही सांगायला हवं होतं.

कलमवाल्याच्या घरातलं माणूस, मग ते औषधं विको की वकिलाशी लग्न करो, गुटी बांधायला विसरत नाही. फांदीची साल बोटभर गोल सोलायची, त्या जागी ओलं शेवाळ गुंडाळायचं, वरून प्लास्टिक आवळायचं. काही आठवड्यांत आत मुळं धरतात. मग खालून कापलं की फांदीचं स्वतंत्र झाड होतं. मोजणीसाहेबांची पाठ फिरल्यावर दादाच्या मोसंबीवर गुटी दिसली, शेवाळाऐवजी दुकानातला कापूस आणि वर जखमेची चिकटपट्टी. मग ताईच्या संत्र्यावर एक, चंदेरी कागदात. मग काकांच्या पपनसावर, पद्धतशीर, सुतळी-गोणपाटासकट. आणि शेवटी लिंबावर, काकांनीच आईच्या वतीने, आईला न विचारता. प्रत्येकाने हे काम बाकीच्यांना पत्ता लागू न देता केलं होतं. एकाच झाडावर. जे झाड जेमतेम दोन पुरुष उंच होतं.

धाकटीने दर रविवारी ती गाठोडी पाहिली होती. तिला वाटलं होतं, झाड तोडलं जाण्याआधी बाबांच्या हातचं काहीतरी प्रत्येकाला आपल्या घरी न्यायचं आहे. तिला ते इतकं मनापासून आवडलं होतं की ती स्वतः ग्रंथालयातून उन्हाची तंगडतोड करत यायची आणि सगळ्यांची शेवाळं ओली करून जायची. दादाचा कापूससुद्धा.

"म्हणजे तुम्ही हे घरी न्यायला नाही केलंत?" तिने आता विचारलं.

"घरी?" दादा म्हणाला. "माझ्याकडे तिसरा मजला आहे. मोसंबी ठेवू कुठे, कपाटात?"

"आधी ऐक तरी," ताई म्हणाली. "साहेब खोडं मोजतात. म्हणून खोडं पाच केली. प्रत्येकाचं आपापलं. उद्या वाटणीवरून तंटा नको."

"तंटा काल झालाच की," आई म्हणाली. "कापायला करवत एकच होती."

"वहिनी, तुमचं लिंबू मी कापून दिलं ते विसरू नका," काका म्हणाले.

"भावजी, मी ते जन्मात विसरणार नाही."

"आणि धाकटीचं?" दाजी म्हणाले. "ते जुन्या खोडावर आहेच. म्हणजे तिला तर खोडासकट मिळालं. आम्ही काही अन्याय केलेला नाही."

"दाजी," धाकटी म्हणाली, "डब्यातल्या झाडाला जमीन कुठली?"

दाजी येरझाऱ्या घालायचे थांबले. "त्याबाबत दोन मतं असू शकतात," ते म्हणाले.

तेवढ्यात फाटक वाजलं. आज पाहणीची तारीख होती. मोजणीसाहेब आले होते, मोजे पँटवर. त्यांनी झाडाकडे पाहिलं, डब्यांकडे पाहिलं, पुन्हा झाडाकडे पाहिलं आणि स्टुलावर बसले. बाबांच्या स्टुलावर. धाकटीला ते आवडलं नाही.

"झाड आजारी पडलं का?" त्यांनी विचारलं.

"वाढलं," दाजी म्हणाले. "एकाची पाच झाली."

"पाच कुठायत?"

दाजींनी हात पसरून डबे दाखवले.

"ह्या कुंड्या आहेत," मोजणीसाहेब म्हणाले.

"झाडं आहेत."

"वकीलसाहेब, जे उचलून नेता येतं त्याचा मोबदला नसतो. उद्या तुम्ही सोफा आणून ठेवाल." त्यांनी उठून मोसंबीचा डबा उचलून दाखवला, दोन पावलं चालले आणि परत ठेवला. "बघा, जंगम. घरी घेऊन जा. सरकारचं काही म्हणणं नाही."

दादाने मापातलं पाणी मोसंबीत ओतायचं ते आपल्या बुटावर ओतलं.

"आणि जमीन?" धाकटीने विचारलं.

मोजणीसाहेबांनी कपाळावरचा घाम टिपला. त्यांना हा भाग सांगायचा नव्हता असं दिसत होतं. "बाई, खरं सांगू? झाड एक का पाच याने फार काही होणार नव्हतं. मागच्या वेळी मी मोठ्या साहेबांच्या कानावर घातलं होतं की जागेत चार जातींचं, फळांवर असलेलं झाड आहे, म्हणजे जागा वहिवाटीत आहे, बाग आहे. ते म्हणाले, मी स्वतः बघतो. फळझाड डोळ्यांना दिसलं तर बागायत लावू." त्यांनी काटेरी फांदीकडे हात केला. "आता त्यांना हे दिसेल. रानटी झाड, एक. जागा पडीक."

शब्द पडला तो सगळ्यांच्या मधोमध. बाबांनी तो खोडून घेण्यासाठी सदऱ्याला इस्त्री करकरून शेवटची वर्षं घालवली होती आणि त्यांच्याच माणसांनी करवतीने तो खरा करून दाखवला होता.

मग मात्र सगळ्यांना कंठ फुटला. दादा दाजींवर घसरला, की पाच खोडांची अक्कल तुमची. ताईने दाजींची बाजू घेतली, की अक्कल त्यांची असेल पण करवत तुझी. काका म्हणाले, मी आधीच सांगत होतो; त्यावर दादा आणि ताई एकत्र झाले आणि म्हणाले, तुम्ही आधी सांगत होता ते पपनसाचा दर वेगळा मागा एवढंच. काकांनी मग दाजींशी हातमिळवणी केली, ती दाजींना नको होती. आई मोजणीसाहेबांना चहा देत होती.

"साखर नाही यात," मोजणीसाहेब म्हणाले.

आई थबकली. "नाही का?" ती म्हणाली. "मग हे सगळे इतके दिवस काय पीत होते?"

भांडण जागच्या जागी थांबलं. कुणी कुणाकडे बघेना. आई घरात जाऊन साखरेचा डबा घेऊन आली आणि एकेकाच्या कपात चमचा चमचा घालत फिरली, कप रिकामे असूनही.

"मोठे साहेब कधी पोचतील?" धाकटीने विचारलं.

"गाडी नाक्यावर असेल. हवा कमी आहे एका चाकात, भरून येतात." मोजणीसाहेबांनी कप खाली ठेवला. "मी अजून काही लिहिलेलं नाही. साहेब जे बघतील ते लिहीन. मी जरा तिकडे हद्दीच्या खुंट्या मोजून येतो. मोजायच्या नाहीत, पण मोजतो." आणि ते कुंपणाकडे निघून गेले, पाय उचलून टाकत, सापाच्या धाकाने.

धाकटी झोपडीत गेली. अवजारांची लहानशी पत्र्याची झोपडी. बाबा गेल्यावर दादाने ती आवरायला काढली होती, तेव्हा तिने एवढंच म्हटलं होतं की खिळ्यावरचं काही काढायचं नाही. खिळ्यावर पट्ट्या लटकत होत्या. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या, एकसारख्या रुंदीच्या, कलमं आवळायच्या. येत्या हंगामासाठी बाबांनी कापून ठेवलेल्या. कसला हंगाम, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, रोपंच नव्हती. तिने इतके रविवार त्या पट्ट्यांना हात लावला नव्हता. आता तिने सगळा जुडगा उतरवला, फळीवरची कलमाची सुरी घेतली आणि बाहेर आली.

"भेट कलम," ती म्हणाली.

काकांनी सगळ्यांत आधी मान वर केली. बाकीच्यांना आठवायला क्षणभर लागला. दोन झाडं, दोन्ही आपापल्या मुळांवर. दोघांची साल एकेका जागी सोलायची, ओल्याला ओलं लावायचं आणि आवळून बांधायचं. कुणालाही कापून न टाकता जोडायची रीत.

"डब्यासकट?" दादा म्हणाला.

"डब्यासकट. मुळं आहेत तर पाणी मिळेल. खोडाला जुळली की डबा काढायचा."

"आणि तोवर डबा हवेत कोण धरणार?"

धाकटीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

पुढे जे झालं त्याला धावपळ म्हणता येईल, पण धावपळीत माणसं एका दिशेला पळतात. दादाने तेलाचं रिकामं पिंप लोटत आणलं आणि त्यावर चढला. ताईला स्वयंपाकघरातली खुर्ची मिळाली. काकांनी शिडी मागितली, मिळाल्यावर ती चढवेना, मग दाजींना शिडीवर चढवून काकांनी पपनस त्यांच्या हाती दिलं.

"माझा या फांदीशी संबंध नाही," दाजी वरून म्हणाले.

"लग्न केलंत तेव्हा झाला," काका म्हणाले. "धरा नीट. तिरकं होतंय."

आईने लिंबाचा डबा कडेवर घेतला आणि बाबांच्या स्टुलावर उभी राहिली. "पोराला घेतल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. "रडत नाही एवढंच."

काकांनी आपली सुरी काढली. पपनसाची साल सोलायला त्यांनी पातं टेकवलं आणि ते सालीवरून घसरलं. पुन्हा टेकवलं. मग त्यांनी सुरी मिटून खिशात ठेवली. "तू कर," ते म्हणाले. "दादाचा हात तुझ्यात उतरलाय. मी नुसतं बघतो." त्यांच्या तोंडी दादा म्हणजे बाबा. जन्मभर ते सांगत आले होते की या झाडावरची निम्मी कलमं खरं म्हणजे त्यांनीच बांधली.

"काका, पपनसाचं तरी तुम्हीच बांधलं होतं ना?"

"ते तर मुळीच नाही," काका म्हणाले. "मी तेव्हा रुसून बसलो होतो."

तिने खोडाची साल सोलली, फांदीची सोलली, हिरव्याला हिरवं लावलं, पट्टी ताणून खालून वर गुंडाळत नेली. बाबा पट्टीचं टोक दातात धरायचे. तिनेही धरलं. रबराची चव तोंडात उतरली आणि एका क्षणी तिला हात चालवणं अवघड झालं. मग चालवला. पपनस झालं, संत्रं झालं. लिंबाला हात घातला तेव्हा फाटकाशी गाडी थांबली.

मोठे साहेब सावकाश उतरले. स्थूल, गंभीर, बोटांना चाकाचं काळं लागलेलं. ते आत आले आणि उभे राहिले. मधोमध एक झाड. झाडाभोवती पिंपावर एक औषधविक्रेता, खुर्चीवर एक बाई, शिडीवर एक वकील, स्टुलावर एक म्हातारी, आणि चौघांच्याही मिठीत पत्र्याचा एकेक डबा.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"झाड, साहेब," मोजणीसाहेब म्हणाले.

"आणि ही माणसं?"

मोजणीसाहेबांनी थोडा विचार केला. "टेकू, साहेब."

मोठ्या साहेबांनी झाडाला एक फेरी घातली. दाजींपाशी थांबले. दाजींनी तोंड उघडलं.

"तुम्ही बोलायचं नाही," ताई खुर्चीवरून म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं वाक्य तिने पहिल्यांदाच उच्चारलं आणि दाजींनी पहिल्यांदाच ऐकलं.

"झाडं किती?" साहेबांनी विचारलं.

"एक," दादा पिंपावरून म्हणाला.

"एकच," ताई म्हणाली.

"एक. आणि पपनस तक्त्यात नसलं तरी चालेल," काका म्हणाले.

"कसलं झाड?"

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. मागच्या वेळी याच प्रश्नाचं खरं उत्तर देऊन तिने सगळ्यांचा रोष ओढवून घेतला होता. तिने दातातली पट्टी काढली.

"खोड रानटी आहे," ती म्हणाली. "त्यावर लिंबू, मोसंबी, संत्रं, पपनस. परवापर्यंत सगळं अंगचं होतं. आम्ही कापलं. आता परत जोडतोय."

"कापलं का?"

"वाटण्या करायला."

"मग परत का जोडताय?"

"भाग जाईना, साहेब," आई म्हणाली.

साहेबांनी लिंबाच्या फांदीला लागलेलं एक फळ बोटांनी फिरवून पाहिलं, काळं लागू नये म्हणून रुमालात धरून. "हे जगेल?"

"तिने बांधलंय," काका म्हणाले. "जगेल."

"पण आम्ही रस्त्यासाठी हे तोडणार आहोत. तुम्हाला माहीत आहे ना? तुम्ही हे तोडण्यासाठी जोडताय."

"माहीत आहे," धाकटी म्हणाली. "तोडा. पण जे तोडाल ते काय होतं, एवढं बरोबर लिहा. इथे पडीक काही नव्हतं."

शिडी करकरली. मोठे साहेब ओस पडलेल्या वाफ्यांकडे बघत होते. वाफ्यांच्या कडा अजून सुरीने कापल्यासारख्या सरळ होत्या. बाबांनी त्या शेवटपर्यंत मोडू दिल्या नव्हत्या, रोप नसलं तरी.

"जोडकाम चालू असा रकाना आपल्याकडे आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब."

"मग शेऱ्यात घ्या. फळझाड, एक, जातींची संख्या चार अधिक एक, पाहणीच्या वेळी उपचार चालू. आणि वरचं ते पडीक खोडा. बागायत लिहा." ते खाकरले. "टेकूचं काही लिहू नका. वरून विचारणा होईल."

मोजणीसाहेबांनी फूटपट्टी लावून शब्द खोडला. पेनाचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"मालक कुठे आहेत?" मोठ्या साहेबांनी विचारलं. "सही लागेल."

"ते येऊन गेले, साहेब," आई म्हणाली. डबा तिच्या कडेवर तसाच होता. "तुम्हाला उशीर झाला."

मोठे साहेब रुमालाने बोटं पुसायला लागले. ती काही केल्या स्वच्छ होईनात. "मग वारसांपैकी कुणीतरी करा," ते शेवटी म्हणाले. "हात कुणाचे मोकळे आहेत?"

पिंपावरून, खुर्चीवरून, शिडीवरून आणि स्टुलावरून सगळ्यांनी खाली पाहिलं. कुणाचेच मोकळे नव्हते; काकांनीही दोन्ही हातांनी शिडी धरून ठेवली होती. फक्त धाकटीची फांदी कुणी धरायची गरज नव्हती. तिने हात पुसले आणि सही केली.

गाडी निघून गेली. मोजणीसाहेब फाटकातून वळून एकदा हात हलवून गेले. धूळ खाली बसली तरी कुणी उतरलं नाही.

"आता आकडा किती बसेल, मी सांगू शकतो," दाजी शिडीवरून म्हणाले. कुणी विचारलं नाही.

धाकटीने लिंबाची गाठ पुरी केली. मग मोसंबी. जुडग्यातली शेवटची पट्टी हातात राहिली होती. तिने ती क्षणभर बोटांवर गुंडाळली, सोडवली, आणि दादाच्या फांदीला घट्ट आवळली. डब्यांखाली फळ्या लावल्या, विटा रचल्या. पट्टी पुरली. उरली नाही.

"सोडू?" दादाने विचारलं. त्याचे दंड थरथरत होते. "धाकटे, सोडू का?"

"थांब." तिने गाठ पुन्हा दाबून पाहिली. "सोड."

त्याने एक हात काढला. मग दुसरा, बोट बोट करत.

फांदी तिथेच राहिली.

"आता साखर घातलेला चहा करते," आई म्हणाली, "कुणीतरी मला खाली उतरवा."